सुई कोणाच्या हाती? मुंबईत जन्मलेली लस आणि सॅन फ्रान्सिस्कोचे चायनाटाउन (१९००)

१/
१९ मे १९००, शनिवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधील दुकाने बंद होती. त्या दिवशी कोणताही सण नव्हता. शासकीय डॉक्टर प्लेगची लस टोचण्यासाठी वस्तीत येणार होते आणि वस्तीने आपली दारे लावून घेतली होती. हजारो लोकांपैकी मोजक्यांनीच दंड पुढे केला. ती लस तीन वर्षांपूर्वी आपल्या भायखळ्यात सिद्ध झाली होती. मुंबईत जन्मलेली ही लस पॅसिफिकच्या पार एका स्थलांतरित वस्तीत का नाकारली गेली, याविषयी हा धागा आहे. तो दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. "लोक अडाणी होते, म्हणून लसीला भ्याले" हे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकी मनाला चटकन पटते. पदव्युत्तर वर्गात हा विषय प्रथम वाचताना माझेही मत साधारण असेच होते. पुढे न्यायालयीन निकाल आणि त्या काळाचा घटनाक्रम वाचत गेले, तसे ते मत टिकेना. चायनाटाउनचा अविश्वास हा अनुभवाचा हिशेब होता आणि त्यातील प्रत्येक नोंद तपासता येते. त्या नोंदी क्रमाने पाहू.

३/
पहिली नोंद चीनमधील आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील बहुसंख्य चिनी मूळचे ग्वांगडोंग प्रांताचे, म्हणजे कँटन बंदराच्या परिसरातले. देवीच्या रोगाविरुद्ध निरोगी माणसाला मुद्दाम सौम्य लागण करून देण्याची रीत चीनमध्ये सोळाव्या शतकापर्यंत रूढ झालेली होती. देवीच्या खपल्यांची पूड नाकात फुंकली जाई. १८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यचिकित्सक अलेक्झांडर पिअर्सन याने मकाव आणि कँटन येथे गोस्तन देवीची लस टोचण्यास आरंभ केला. कँटनच्या व्यापाऱ्यांनी या कामाला पैसा पुरवला. पिअर्सनकडे शिकलेल्या च्यू शी याने १८१७ मध्ये या विषयावर चिनी भाषेत ग्रंथ लिहिला.

४/
याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्या प्रांतातून हे लोक आले, त्या प्रांतात लस टोचून घेणे हा पंचाण्णव वर्षांचा परिचित व्यवहार होता. तो त्यांच्यापर्यंत पोहोचला तो त्यांच्याच व्यापाऱ्यांच्या पैशाने, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच टोचणाऱ्यांच्या हातून. तेव्हा "चिनी माणूस सुईला भितो" हे विधान पहिल्याच पायरीवर ढासळते. मग समुद्र ओलांडल्यावर नेमके काय बदलले?

५/
दुसरी नोंद कायद्यांची. १८७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने दर माणशी ५०० घनफूट हवा नसलेल्या खोलीत राहणे गुन्हा ठरवले आणि त्याखाली चिनी मजुरांना तुरुंगात टाकले. पुढे तुरुंगात कैद्यांचे केस कापण्याचा नियम आला. चिनी पुरुषासाठी वेणी गमावणे ही घोर अप्रतिष्ठा होती. हा नियम १८७९ मध्ये न्यायालयाने रद्द केला. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. १८९२ पासून चिनी मजुराला वास्तव्याचा दाखला बाळगणे बंधनकारक झाले. दाखला नसेल तर हद्दपारी. यांतील हवेचा नियम 'आरोग्यासाठी' म्हणून केलेला होता, हे विसरू नये.

६/
तिसरी नोंद बंदरावरची. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १८९१ पासून शासकीय विलगीकरण केंद्र होते. आशियातून येणाऱ्या जहाजांवरील प्रवाशांची तेथे तपासणी होई, कपडे आणि सामान धुरी देऊन निर्जंतुक केले जाई. म्हणजे चिनी स्थलांतरिताला अमेरिकेतील डॉक्टर प्रथम भेटे तो पहारेकऱ्याच्या रूपात. दुसरीकडे, शहराच्या सार्वजनिक रुग्णालयाची दारे चिनी रुग्णाला जवळजवळ बंद होती. वैद्यक त्याला अडवण्यासाठी तत्पर असे. त्याच्यावर उपचार करण्याची वेळ आली की मात्र ते दिसेनासे होई.

७/
चौथी नोंद होनोलुलूची, आणि ती अगदी ताजी होती. डिसेंबर १८९९ मध्ये होनोलुलूच्या चायनाटाउनमध्ये प्लेग आढळला. आरोग्य मंडळाने बाधित घरे जाळण्याचे धोरण घेतले. २० जानेवारी १९०० रोजी अशीच मुद्दाम लावलेली आग वाऱ्याने भडकली आणि जवळजवळ संपूर्ण चायनाटाउन भस्मसात झाले. हजारो माणसे बेघर झाली. ही बातमी जहाजांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. आगीनंतर अकराच दिवसांनी, ३१ जानेवारीला, चिनी नववर्ष सुरू झाले. पंचांगाप्रमाणे ते वर्ष उंदराचे होते.

८/
६ मार्च १९००. ड्यूपाँट आणि जॅक्सन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील ग्लोब हॉटेलच्या तळघरात ४१ वर्षांचा एक चिनी इसम मृत आढळला. जांघेत गाठ होती. शहराचे जंतुशास्त्रज्ञ विल्फ्रेड केलॉग यांना सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगसारखे जंतू दिसले. नमुने एंजल बेटावरील केंद्राचे प्रमुख जोसेफ किन्यून यांच्याकडे गेले. किन्यून हे साधे गृहस्थ नव्हेत. १८८७ मध्ये स्टेटन बेटावर ज्या प्रयोगशाळेची स्थापना झाली आणि जिच्यातून पुढे अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था वाढली, तिचे ते संस्थापक.

९/
किन्यून यांनी गिनिपिग, उंदीर आणि माकड यांना तो जंतू टोचून पाहिला. निष्कर्ष यायला काही दिवस लागणार होते. शहर मात्र थांबले नाही. ७ मार्चच्या सकाळी चायनाटाउनभोवती दोर बांधले गेले आणि पोलीस उभे राहिले. गौरवर्णीयांना बाहेर जाऊ दिले, चिन्यांना अडवले. वस्तीतील कितीतरी माणसे शहरभर आचारी, घरगडी आणि धोबी म्हणून राबत होती. त्यांचा रोजगार एका रात्रीत बुडाला. दोन-तीन दिवसांत दोर काढले गेले. ११ मार्चला प्रयोगातील प्राणी मेले. प्लेग खरा होता.

१०/
येथे या कथेतील पहिला पेच उभा राहतो. किन्यून आणि केलॉग यांचे निदान अचूक होते. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर हेन्री गेज आणि शहरातील बडे व्यापारी मात्र "प्लेग नाहीच" असे सांगत होते, कारण प्लेगच्या वार्तेने व्यापार बसला असता. अनेक वर्तमानपत्रांनीही त्यांचीच री ओढली. पुढे तर खुद्द गेज यांनी असा आरोप केला की किन्यून यांनीच मृतदेहांत जंतू घातले असावेत. अफवा केवळ गल्लीबोळात जन्मतात, असा आपला समज असतो. ही अफवा राज्याच्या सर्वोच्च आसनावरून आली होती.

११/
आता चायनाटाउनमधील माणसाच्या जागी उभे राहून पाहा. गौरवर्णीय डॉक्टर म्हणतो, प्लेग आहे. गौरवर्णीय गव्हर्नर म्हणतो, नाही. दोर मात्र तुमच्याच दाराशी बांधला जातो. शवविच्छेदन सक्तीने तुमच्याच आप्ताचे होते. परदेशात मेलेल्या माणसाच्या अस्थी कालांतराने उकरून ग्वांगडोंगमधील गावी पाठवण्याची या समाजाची रीत होती. त्यामुळे मृतदेहाची चिरफाड हा त्यांच्या श्रद्धेवर थेट आघात होता. परिणामी आजारी माणसे लपवली जाऊ लागली आणि मृतदेह रातोरात हलवले जाऊ लागले. रोगाच्या खऱ्या प्रसाराची नोंद त्यामुळे आणखी अवघड झाली.

१२/
मे महिन्यात रुग्ण वाढले तेव्हा वॉशिंग्टनहून सर्जन जनरल वॉल्टर वायमन यांनी लसीचा आदेश दिला. ही लस म्हणजे वाल्देमार हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लस. हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू. रशियात ज्यूंना विद्यापीठीय पदांची वाट बंद, म्हणून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि पुढे हिंदुस्थानात आले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्याशा प्रयोगशाळेत त्यांनी उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर इतरांना देण्यात आली त्याहून मोठ्या मात्रेत. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

१३/
लस गुणकारी होती, पण परिपूर्ण नव्हती. ती घेतलेल्यांत लागण आणि मृत्यू लक्षणीय कमी होत. संरक्षण मात्र काही महिन्यांचेच असे. टोचल्यावर सडकून ताप येई, हात सुजे, एक-दोन दिवस काम करणे अशक्य होई. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची भाकरी. आणखी एक महत्त्वाची मर्यादा होती. ही लस रोगाच्या संपर्कात येण्यापूर्वी घ्यायची. रोग अंगात शिरल्यावर घेतल्यास अपाय होऊ शकतो, असे त्या काळचे तज्ज्ञ मानत. ही मर्यादा लक्षात ठेवा. पुढे न्यायालयात तीच निर्णायक ठरते.

१४/
चायनाटाउनमधील मंडळांच्या शिखर संघटनेने, म्हणजे 'चायनीज सिक्स कंपनीज'ने, प्रारंभी लसीला संमती दर्शवली. चिनी वाणिज्यदूत हो यौ यांनाही शासनाशी संघर्ष नको होता. परंतु वस्ती खवळली. लोकांचा प्रश्न सोपा होता: प्लेग शहरात असेल, तर सुई फक्त आम्हालाच का? विषप्रयोगाच्या वार्ता पसरल्या. एन्ग पून च्यू हे ख्रिस्ती धर्मोपदेशक 'चुंग साय यात पो' या चिनी वृत्तपत्राचे संपादक होते. पाश्चात्त्य वैद्यकाचे ते शत्रू नव्हते. तरीही त्यांच्या पत्राने लसीच्या त्रासाच्या बातम्या छापल्या. लोकक्षोभापुढे सिक्स कंपनीजनेही भूमिका बदलली. धाग्याच्या आरंभी पाहिलेली बंद दुकाने ती हीच.

१५/
स्वेच्छेने कोणी येईना, तेव्हा शासनाने अप्रत्यक्ष सक्तीचा मार्ग धरला. १८९० च्या आंतरराज्य विलगीकरण कायद्याचा आधार घेऊन आदेश निघाला: आरोग्य दाखला नसलेल्या 'आशियाई' माणसाला शहराबाहेर जाण्याचे तिकीट देऊ नये. दाखला हवा असेल तर लस टोचून घ्यावी. आदेश चिनी आणि जपानी दोघांनाही लागू होता. वास्तव्याचा एक दाखला या लोकांच्या खिशात आधीच होता आणि तो नसेल तर हद्दपारी होती. आता लसीचाही दाखला आला. आरोग्याचे कागद आणि स्थलांतरावरील पहाऱ्याचे कागद लोकांच्या नजरेत एकच होऊन गेले.

१६/
यावर वस्तीने जे केले, ते 'अडाणी' या शब्दात कसेही बसत नाही. ती न्यायालयात गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिन्यांना ही वाट चांगली ठाऊक होती. यिक वो या परटाच्या खटल्यात १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, वरवर समान दिसणारा कायदा विशिष्ट वंशाविरुद्धच वापरला जात असेल तर तो घटनाबाह्य ठरतो. १८९८ मध्ये वाँग किम आर्क याने अमेरिकेत जन्मलेल्याचे नागरिकत्व सर्वोच्च न्यायालयात सिद्ध केले. त्याच परंपरेत वाँग वाय या रहिवाशाने मे १९०० मध्ये किन्यून आणि आरोग्य मंडळाविरुद्ध दावा लावला.

१७/
न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी २८ मे रोजी निकाल दिला. त्यांचे दोन मुद्दे अभ्यासण्यासारखे आहेत. एक, आशियाई लोकांना प्लेग अधिक होतो, याचा कोणताही पुरावा शासनाने दिलेला नाही. तेव्हा हा आदेश समान संरक्षणाच्या तत्त्वाला छेद देतो. दोन, ही लस बाधित क्षेत्रात जाणाऱ्यासाठी आहे. शासन ती बाधित क्षेत्रातून बाहेर पडणाऱ्याला देत आहे, जिथे ती निरुपयोगी किंवा अपायकारक ठरू शकते. म्हणजे शासनाचा आदेश त्याच्याच वैद्यकशास्त्राशी विसंगत होता. वस्तीतल्या शंकेत जे तथ्य होते, त्यावर न्यायालयाने मोहोर उमटवली.

१८/
लगेच दुसरा डाव पडला. निकालाच्याच सुमारास संपूर्ण चायनाटाउन पुन्हा वेढले गेले. या वेळी कुंपण आणि काटेरी तार घालून. वेढ्याची रेषा सरळ नव्हती. ती वळणे घेत गौरवर्णीयांच्या इमारती वगळत जात होती. आत दहा हजारांहून अधिक लोक होते. धान्याचे भाव चढले. वस्तीला उपसागरातील एका खडकाळ बेटावर हलवण्याच्या योजनेची चर्चा सुरू झाली. होनोलुलूची आग आठवून लोकांच्या मनात काय आले असेल, ते सांगायला नको.

१९/
या वेळी ज्यू हो नावाचा किराणा दुकानदार न्यायालयात गेला. १५ जून १९०० रोजी मॉरो यांनी वेढाही बेकायदा ठरवला. त्यांनी म्हटले की, प्लेगचे विलगीकरण घरागणिक हवे. निरोगी आणि रोगी हजारो माणसांना एकत्र कोंडून ठेवल्याने रोग आटोक्यात न येता फैलावेल. चिनी रहिवाशांनी नेमलेल्या डॉक्टरांनाही वस्तीत येण्यास अडवले जात होते, याकडे निकालाने लक्ष वेधले. या लोकांना वैद्यकच नको असते, तर त्यांनी आपल्या पदरच्या पैशाने डॉक्टर नेमले असते का?

२०/
येथे थांबून विजयगाथा सांगणे सोपे होते. तसे करणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. हक्क मिळाले, पण प्लेग गेला नाही. १९०० ते १९०४ या काळात सॅन फ्रान्सिस्कोत १२१ रुग्णांची नोंद झाली. त्यांतील बहुतेक सारे दगावले आणि बहुसंख्य चिनी होते. अविश्वास रास्त होता, तरी त्याची किंमत अविश्वास ठेवणाऱ्यांनीच मोजली. ज्यांनी तो निर्माण केला, त्यांना तुलनेने काहीच सोसावे लागले नाही. किन्यून यांची १९०१ मध्ये बदली झाली. गेज आपला कार्यकाळ पुरा करून गेले.

२१/
वळण आले ते धोरण बदलल्यावर. जानेवारी १९०१ मध्ये सायमन फ्लेक्सनर, फ्रेडरिक नोव्ही आणि लेवेलिस बार्कर या तीन शास्त्रज्ञांचा आयोग आला आणि त्याने प्लेगची खात्री केली. पुढे रूपर्ट ब्लू या डॉक्टरकडे मोहिमेची सूत्रे आली. वस्तीत जाताना वाँग चुंग हा चिनी दुभाषी डॉक्टरांबरोबर असे. कार्यालय वस्तीच्या जवळ आणले गेले. माणसांना कोंडण्याऐवजी उंदीर पकडणे, तळघरांना सिमेंटची फरशी घालणे, कुजक्या लाकडी जोडबांधण्या पाडणे यांवर भर आला. पाडापाडीत घरे गेली, हेही खरे. परंतु फेब्रुवारी १९०४ नंतर या साथीचा रुग्ण आढळला नाही.

२२/
१९०६ च्या भूकंपानंतर १९०७ मध्ये प्लेग पुन्हा आला. या वेळी बहुसंख्य रुग्ण गौरवर्णीय होते. त्यांच्या वस्त्यांभोवती कोणीही काटेरी तार बांधली नाही. शहरभर उंदीर मारण्याची मोहीम निघाली आणि नागरिकांच्या सहकार्याची विनंती करण्यात आली. रोग तोच, शहर तेच, डॉक्टरही ब्लूच. सात वर्षांपूर्वी चायनाटाउनने विचारलेल्या "आम्हालाच का?" या प्रश्नाचे उत्तर या एका तुलनेत मिळते.

२३/
आता पुन्हा मुंबईकडे वळू, कारण लस जिथे जन्मली तिथे याच कथेची दोन्ही रूपे दिसतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. मराठी पत्रे या रोगाला 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत. सक्तीने रुग्णालयात नेणे सुरू झाले आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून पोटासाठी आलेल्या माणसांचा मोठा भरणा होता. रुग्णालयात माणसे मारून त्यांची 'मोमियाई' काढतात, अशी अफवा होती. काही महिन्यांत शहरातील निम्म्याच्या आसपास लोक गावी पळाले.

२४/
पण त्याच मुंबईत, त्याच लसीसाठी, खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. हा समाजही कच्छ-काठियावाडातून येऊन मुंबईत स्थिरावलेला. फरक कशामुळे पडला? तरुण आगाखानांनी हाफकिन यांना पाठबळ दिले आणि स्वतः सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. याच काळात शहरात निरनिराळ्या जातिजमातींनी आपापली प्लेग रुग्णालये काढली आणि शासकीय रुग्णालयाला भिणारे लोक तेथे दाखल होऊ लागले. पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी रुग्णसेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनाच प्लेगने नेले. त्याच शहरात सोजिरांच्या घरझडत्यांनी संताप माजला आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली.

२५/
सॅन फ्रान्सिस्कोच्या चिन्यांनीही हेच केले. १९०० मध्येच त्यांनी 'तुंग वा' नावाचा दवाखाना काढला. तेथे चिनी वैद्यक आणि पाश्चात्त्य वैद्यक दोन्ही उपलब्ध होते. समाजाच्या वर्गणीतून त्याचाच विस्तार होत १८ एप्रिल १९२५ रोजी चायनीज हॉस्पिटल उभे राहिले. योगायोग असा की, त्याच वर्षी परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ज्यांना 'वैद्यकद्वेष्टे' म्हणून हिणवले, त्यांनी पै पै जमवून आधुनिक रुग्णालय बांधले, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

२६/
एंजल बेटावरचा पहारा मात्र संपला नाही. १९१० ते १९४० या काळात तेथे स्थलांतरितांचे केंद्र चालले. येणाऱ्या आशियाई प्रवाशांची अंकुशकृमीसाठी शौचतपासणी होई. कृमी आढळल्यास प्रवेश नाकारता येत असे. या नियमाने अडवल्या गेलेल्यांत पंजाबातून गेलेले हिंदुस्थानी शेतकरीही होते. ज्या विकारावर औषध उपलब्ध होते, तोच परत पाठवण्याचे निमित्त बनला. अशा माणसाने पुढे आयुष्यभर डॉक्टरकडे कोणत्या नजरेने पाहावे?

२७/
लसीविषयीची भीती केव्हा निराधार असते आणि केव्हा नसते, याचेही भान हवे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे हाफकिन लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष लसीच्या सिद्धांतात नव्हता. बाटली उघडताना स्वच्छतेत झालेली चूक, हेच कारण पुढे मानले गेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो दूर व्हायला १९०७ उजाडले. ज्या व्यवस्थेत चूक उघडपणे तपासली जात नाही, तिच्याविषयी लोक सर्वांत वाईट तेच गृहीत धरतात.

२८/
म्हणून निष्कर्ष असा. कँटनमध्ये ज्या समाजाने लस स्वीकारली, त्याच समाजाने सॅन फ्रान्सिस्कोत ती नाकारली. मुंबईत एकाच साथीत एका वस्तीने रुग्णालयावर दगड फेकले आणि दुसरीने रांगेत उभे राहून दंड पुढे केला. माणसांचा स्वभाव किंवा धर्म बदललेला नव्हता. सुई कोणाच्या हाती आहे, त्या हाताने काल काय केले आणि शेजाऱ्यालाही तीच सुई टोचली जात आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली होती. स्थलांतरित माणूस हे प्रश्न इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे विचारतो, कारण चूक झाली तर परतीचे जहाज त्याच्याच नशिबी असते.

२९/
याचा अर्थ लस नाकारणे योग्य, असा कोणी काढू नये. त्या १२१ नोंदींत अशी माणसे होती, जी कदाचित वाचली असती. किन्यून यांचे शास्त्र खरे होते. त्यांनी ते दोर, दाखले आणि काटेरी तारेबरोबर बांधून पाठवले आणि लोकांनी सारे गाठोडेच परत केले. आपल्या शहरांत आज ऊसतोडीहून, वीटभट्टीवरून, बांधकामावरून येणारी कुटुंबे आहेत. लसीकरणाच्या यादीतून एखादे मूल सुटले की आपण सहज म्हणतो, "हे लोक ऐकतच नाहीत." ते वाक्य उच्चारण्यापूर्वी त्या कुटुंबाला या शहरातील दवाखान्याने, नाक्याने आणि कचेरीने आजवर कसे वागवले, एवढे विचारून पाहावे.

३०/
परळला जाणे झाले, तर हाफकिन संस्थेच्या जुन्या वास्तूकडे अवश्य पाहा. १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा तेथे, जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, आली. मायदेशी वाट बंद झालेल्या एका परक्या माणसाने, पोटासाठी आलेल्या माणसांच्या शहरात ही लस घडवली होती.

धागा येथे पूर्ण करते. तपशिलात काही चूक आढळल्यास जरूर दाखवून द्यावी. दुरुस्ती याच धाग्याखाली जोडेन. आपल्या घरात 'प्लेगच्या सालच्या' आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात असतील, तर त्याही लिहाव्यात. गावाबाहेर झोपड्या घालून राहिल्याच्या कथा अनेक घरांत आहेत आणि त्या लिहून ठेवणारे हात थोडे आहेत.